पाच दिवसांची गोळी

सुरतेजवळच्या भेस्तानच्या त्या चाळीत खोलीला खोली लागून होती, पण न्हाणी कुणाच्याच खोलीत नव्हती. टोकाला पत्र्याच्या दोन मोऱ्या होत्या आणि सकाळी तिथं बायकांची रांग लागायची. शकू सगळ्यांच्या मागून जायची. आत गेली की कडी लावून, दात आवळून अंगावर पाणी घ्यायची, कारण खाली पाणी लागलं की आग व्हायची. होळीनंतर हे सुरू झालं होतं. आधी नुसती खाज, मग अंगावरून फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जाणं, आणि मग बसू नये, उठू नये असं होऊन गेलं.

बसल्याशिवाय तर भागत नव्हतं. ती घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, ते मांडीवर घेऊन दिवसभर फरशीवर बसायचं, सुटलेला धागा कापायचा, घडी घालायची. नवरा बाजीराव पांडेसऱ्याला डाइंगच्या मिलमध्ये, कापड रंगवायच्या जेट मशीनवर होता. बारा तासांची पाळी. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, सुभद्राबाई. मेहकरकडचं गाव सोडून ती सुरतेला येऊन राहिली होती ती एकाच कारणानं. लग्नाला आठ वर्षं होऊन शकूला मूल नव्हतं. "नातवाचं तोंड पाह्यल्याबिगर मी गावाले जात नाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि शकू आत चुलीपाशी ऐकत राहायची.

अशा घरात ही गोष्ट सांगायची कुणाला? सासूला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, म्हणूनच तुझी कूस उजवत नाही. बाजीरावला सांगायला जीभ रेटत नव्हती. तो जवळ आला की ती अंग चोरायची. पुढं पुढं तोही भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला. शकूला वाटलं, रागावला.

शेवटी एका दुपारी, साड्या पोचवून येते असं सांगून ती सचिन गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाईडॉक्टरकडे गेली. डॉक्टर गुजराती होती, पण निम्मे पेशंट मराठी असल्यानं मराठी बोलायची. तिनं तपासलं, साखर बघायला रक्त घेतलं. साखर ठीक निघाली.

"बुरशी आहे, बेन," ती हात धुता धुता म्हणाली. "घाबरायचं नाही. हा काही बदफैलीचा रोग नाही, कुणालाही होतो. मी खालून ठेवायच्या गोळ्या देते. झोपताना आत ठेवायची."

शकू मान खाली घालून म्हणाली, "ते नाई जमायचं, बाई. एकच खोली हाये. सासू हातभर अंतरावर निजते. तोंडानं घ्यायची द्या."

डॉक्टरनं हात पुसून पेन उचललं. "तोंडाची गोळी आहे, पण ती जबरी आहे. लिव्हरवर जाते. कधी कावीळ झाली होती?"

"नाई."

"दुसरं कुठलं औषध चालू?"

"नाई."

"दिवस गेलेत? पाळी कधी आली?"

"चार दिवस झाले. गेले असते तं काय पाह्यजे होतं, बाई."

"मग ऐका. रोज जेवणानंतर, पाच दिवस. पाच दिवसांवर एक पण नाही. दिवस गेलेत असं वाटलं तर ही गोळी घ्यायची नाही, पोरावर जाते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, मळमळ झाली, तर गोळी बंद करायची आणि इकडे यायचं. दुकानातून स्वतःच्या मनानं आणायची नाही. परत त्रास झाला तर मिस्टरांना घेऊन या. कधी कधी त्यांना पण औषध द्यावं लागतं."

शकू सगळ्याला हो म्हणाली. बाहेर पडताना तिच्या कानात एकच वाक्य राहिलं होतं. मिस्टरांना घेऊन या.

गोळी लागू पडली. तिसऱ्या दिवशी आग थांबली, पाचव्या दिवशी ती मोरीत उभी राहून चक्क सावकाश न्हायली. कितीतरी दिवसांनी तिनं केस धुतले. तो महिना बरा गेला. मग एका सकाळी पुन्हा खाज सुरू झाली. डॉक्टरकडे जायचं म्हणजे बाजीरावला सगळं सांगून सोबत न्यायचं. त्यापेक्षा तिनं गोळ्यांची रिकामी पट्टी पदरात बांधली आणि ती भाईदासच्या मेडिकलवर गेली.

भाईदासवर सगळ्या चाळीचा विश्वास होता. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी अर्धं सुरत गाड्या भरभरून पळालं, किती दवाखान्यांना कुलपं लागली, पण याचं दुकान उघडं होतं. ज्याला त्याला त्यानंच प्लेगवरची टेट्रासायक्लिन दिली होती. तेव्हापासून ताप असो की खोकला, माणसं आधी त्याच्याकडं जायची. त्याच्याकडं चिठ्ठी लागत नसे. शकूनं पट्टी काउंटरवर ठेवली आणि दुसरीकडं बघत उभी राहिली. त्यानंही काही विचारलं नाही. तशीच दुसरी पट्टी कागदात गुंडाळून दिली.

"ही किती दिवस घ्यायची, भाईदासभाई?"

"आराम छे ने? तो चालू राखो, बेन," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिनं चालू ठेवली. घेतली की बरं वाटायचं, सोडली की आठ-दहा दिवसांत खाज. मग तिनं सोडायचंच सोडून दिलं. पट्टी ती धाग्यांच्या पिशवीत तळाला ठेवायची. जेवण झालं, सासू ओट्यावर गेली, की एक गोळी पाण्यासोबत. पावसाळा लागला. संध्याकाळी बायका बुद्धविहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला जमायच्या. विहार म्हणजे एक मोठीशी खोली, तिथं शकूही जाऊन बसायची. गोळी आता तिला मीठ-मिरचीसारखी झाली होती. डॉक्टरीण काय म्हणाली होती ते तिला आठवत नव्हतं असं नाही, पण इतके दिवस काही झालं नव्हतं, मग भ्यायचं कशाला.

भादव्यात तिची जेवणावरची वासना गेली. फोडणीचा धूर नाकात गेला की मळमळायचं. सकाळी उठताना अंग शिशासारखं जड. पाळी पुढं गेली होती. एकदा भाकरी थापता थापता ती उठून मोरीकडे पळाली, आणि परत आली तर सुभद्राबाई दारात उभी होती.

"कधीपासून व्हते हे?"

"झाले आठ-दहा दिवस, आत्याबाई."

"अन् पाळी?"

शकूनं मान हलवली. सुभद्राबाईनं तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आठ वर्षांत तिनं सुनेला असा हात लावला नव्हता. "बस खाली. ठेव ते पीठ. आता तू काईच नको करू, मी करतो," असं म्हणत ती स्वतः परातीपुढं बसली आणि थापता थापता रडायला लागली.

त्या दिवशी बाजीराव पाळीवरून आला तेव्हा आईनं त्याला दारातच सांगितलं. त्यानं चप्पल काढली, हातपाय धुतले, आणि मग शकूजवळ बसून हळूच विचारलं, "खरं हाये का?"

"वाटते तं."

"डॉक्टरले दाखवाले जाऊ."

"लगेच नको रे, नजर लागते," सुभद्राबाई मध्येच म्हणाली. "तिसरा भरू दे. मंग जाऊ."

शकूलाही डॉक्टर नकोच होती. ती डॉक्टरीण बाजीरावपुढं सगळं बोलली असती. पण तिचं एक वाक्य मात्र तिला आता लख्ख आठवलं. दिवस गेले तर ही गोळी घ्यायची नाही, पोरावर जाते. दोघं झोपल्यासारखे दिसले तशी तिनं पिशवीच्या तळातून पट्टी काढली, मोरीच्या गटारात टाकली, वरून बादलीभर पाणी ओतलं, आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "आता नाई घेत, बापू. काई होऊ नको देऊ सोताले."

तेव्हापासून ती पोटातल्या बाळाशी बोलायला लागली. खाज परत आली, पहिल्यापेक्षा वाईट. मांड्या सोलवटून निघाल्या, पण तिनं भाईदासच्या दुकानाकडं पाहिलं नाही. धागे कापताना मध्येच थांबून ती म्हणायची, "तुह्यासाठी सोसून राह्यली मी, ध्यानात ठेवजो." पौर्णिमेला सुभद्राबाईनं विहारात खीरदान केलं. चाळीतल्या बायकांनी शकूला मध्ये बसवलं. तिला त्या खिरीचा वाससुद्धा सहन होत नव्हता, तरी तिनं दोन घास गिळले.

पण दुखणं उतरत नव्हतं. लघवी कडक चहासारखी व्हायला लागली. उष्णता असेल म्हणून सुभद्राबाईनं सब्जा भिजवून दिला. उजव्या बरगडीखाली दुखायचं. मग मिलला सुट्टी होती त्या दिवशी बाजीराव दारात दाढी करत बसला होता, शकू उन्हात कपडे वाळत घालत होती, आणि त्याचा वस्तरा थांबला.

"शकू, इकडं पाय बरं."

तिनं पाहिलं. तिच्या डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

"कावीळ हाये ही," तो म्हणाला. "दवाखान्यात चाल."

"दवाखान्यात कावीळ बरी व्हते का कुठं?" सुभद्राबाई आडवी आली. "त्यात पोटुशी बाई. सुया टोचतीन, पोर जाईन. पांडेसऱ्यात तो उखा हाये, कावीळ उतरवते. आपल्या गल्लीतल्या तिघायची उतरवली त्यानं."

"माय, आपून हे सोडलं हाये ना? मंतरतंतर?"

"मंतर नाई, जडीबुटी हाये. तुले लेकरू पाह्यजे का नाई?"

बाजीरावनं वस्तरा धुऊन ठेवला. त्याला लेकरू पाहिजे होतं.

उखा शकूच्या हाताला चुना चोळून परातीत पाणी ओतायचा, पाणी पिवळं व्हायचं, आणि सुभद्राबाई ते पाणी बघून समाधानानं मान हलवायची. गळ्यात त्यानं काड्यांची माळ घातली. माळ रोज लांबत जाईल आणि कावीळ उतरेल, असं सांगितलं. माळ लांबली. शकू मात्र आणखी पिवळी होत गेली. सगळ्या अंगाला खाज सुटली, नखांनी रक्त निघेस्तोवर. नाकातून रक्त आलं. एका दुपारी ती साडीचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती ती तशीच कलंडली, आणि हाका मारल्या तरी नुसता हुंकार द्यायची. तेव्हा बाजीरावनं आईचं ऐकलं नाही. रिक्षात घालून त्यानं तिला थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं दोन दिवस सलाइन लावल्यावर ती जरा शुद्धीवर आली. वॉर्डात मराठी बोलणारी एक वयस्क सिस्टर होती. डॉक्टर रक्ताचे कागद बघून सारखे एकच विचारत होते, काय खाल्लं, काय प्यायली, कुठलं औषध. सुभद्राबाई प्रत्येक वेळी पुढं होऊन सांगायची, "काईच नाई, सायेब. पोटुशी हाये ते. लय जपलं आम्ही तिले." शकू डोळे मिटून घ्यायची.

सिस्टरनं ते पाहिलं. तिनं सुभद्राबाईला चहा प्यायला बाहेर पाठवलं, कॉटभोवती पडदा ओढला आणि शकूच्या कानाशी वाकली. "बाई, तू काय घेत होतीस ते सांग. सासूला नाही सांगणार. पण डॉक्टरांना कळलं नाही तर ते आंधळ्यासारखे औषध देत बसतील."

शकूनं सांगितलं. खाजेपासून सगळं. किती महिने घेतली, कुठून आणली, सगळं. सिस्टर डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी नाव विचारलं. शकूला नाव सांगता येईना, पण पट्टीचा रंग, गोळीचा आकार सांगितला. डॉक्टर म्हणाले, "किटोकोनॅझोल." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. "अजून घेतेस?"

"नाई. बंद केली."

"केव्हा?"

"दिवस गेले तवापासून. पोरावर जाते म्हणून."

डॉक्टर आणि सिस्टर यांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कॉटच्या कडेला बसून, नजर खाली ठेवून सांगितलं. तपासणी झाली होती. पोटात मूल नव्हतं. कधीच नव्हतं. मळमळ, जेवण न जाणं, थकवा, ते सगळं लिव्हर सुजल्याचं होतं. पाळीही त्यानंच चुकली असेल. "पण तू गोळी तेव्हा बंद केलीस म्हणून आज बोलते आहेस. आणखी तीन-चार आठवडे घेतली असतीस तर आमच्या हातात काही राहिलं नसतं."

पोटात मूल नव्हतं, यापुढचं काहीच शकूला ऐकू गेलं नव्हतं. "नीट पाह्यलं का सायेब?" तिनं विचारलं. "पुन्हा एकदा पाहा ना."

बाजीरावला त्यांनी बाहेर बोलावून सगळं सांगितलं. तो आत आला तेव्हा शकूला वाटलं आता हा ओरडेल. तो स्टुलावर बसला आणि स्वतःच्या तळहाताला लागलेला निळा रंग खरवडत राहिला.

"मले बी होती," तो म्हणाला.

"काय?"

"खाज. उन्हाळ्यापासून. मी भाईदासकडून मलम आणत होतो. तुले सांगायची लाज वाटली. म्हटलं, तू म्हणशीन कुठं शेण खाऊन आला."

शकूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. एका खोलीत, एका चटईवर, दोघंही एकच दुखणं लपवत निजत होते.

सुभद्राबाईपासून लपवणं शक्य नव्हतं. तिला मूल नाही एवढंच कळलं आणि ते तिला पुरलं. ती वॉर्डातच सुनेपुढं उभी राहून म्हणाली, "खीर वाटली मी. साऱ्या चाळीत तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तू." सिस्टरनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. आठवडाभरात ती गावाला निघून गेली. जाताना दवाखान्यात आली नाही.

बाजीराव एका संध्याकाळी भाईदासच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिला. मारायचं म्हणूनच गेला होता. दुकानात गर्दी होती.

"तुले माह्या बायकोचं ठाऊक होतं," तो काउंटरवरून वाकून म्हणाला. "माहं बी ठाऊक होतं. एका घरचे आहोत, हेबी ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तं?"

भाईदासचा चेहरा पडला. "लोक मागे ते आपुं, भाई, मागतात ते देतो," तो पुटपुटला. "कोणाच्या घरचं मी कसं बोलू? तुम्ही पण तर कोणी मला काही सांगितलं नाही." मग त्यानं शकूची तब्येत विचारली, "बेन सारी छे ने?"

बाजीरावनं उचललेला हात तसाच खाली घेतला. मागं उभी असलेली बाई पट्टी पुढं करून गोळ्या मागत होती.

शकू दिवाळीनंतर घरी आली. डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला, पण अंगात शक्ती राहिली नव्हती. पाण्याची कळशी उचलली की धाप लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही, ही गोळी तर जन्मात नाही. खाजेसाठी बाजीराव आणि ती दोघं मिळून सचिनच्या रस्त्यावरच्या त्याच बाईडॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं दवाखान्याचे कागद वाचले. ती रागावली नाही, फक्त कागद वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढून डोळे पुसले. शकूला आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, बाजीरावला मलम दिलं, दोघांना एकत्र समजावलं. आता खोलीत सासू नव्हती. औषधानं महिनाभरात दोघांनाही आराम पडला.

माघात बाजीरावचा चुलतभाऊ दत्तू गावाहून आला. जेवण झाल्यावर त्यानं विषय काढला. सुभद्राबाईनं बाजीरावसाठी लोणारकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. पहिलीला सोडायचं नाही, तीही राहील, दुसरीही राहील. शकू चुलीपाशी भांडी विसळत होती.

"मायले सांग, मी येत नाई म्हणून," बाजीराव म्हणाला.

"नीट इचार कर. वय चाललं."

"केला."

दत्तू गेल्यावर शकूनं भांडी तशीच ठेवली आणि ती गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. बाजीरावला वाटलं, लग्नाच्या बोलण्यानं रडतेय. तो म्हणाला, "मी नाई म्हटलं ना वं. ऐकलं नाई का?"

"ते ऐकलं."

"मंग?"

"मी त्याच्यासंगं बोलत होती," ती म्हणाली. "रोज. तुमाले नाई सांगतलं."

"पण ते नव्हतंच ना, शकू. डॉक्टरनं सांगतलं. नव्हतंच."

"मले माईत हाये नव्हतं ते."

बाजीराव उठला, उरलेली भांडी त्यानं विसळली, आणि तिच्याजवळ येऊन बसला. तिचं रडणं बराच वेळ चाललं. बाहेर पाळी सुटलेली माणसं पांडेसऱ्याकडून सायकली ढकलत येत होती, त्यांचे आवाज येत होते. दुसऱ्या दिवशी साड्यांचा गठ्ठा आला तेव्हा शकूनं त्यातल्या अंगाला झेपतील अशा निम्म्याच साड्या ठेवून घेतल्या आणि बाकीच्या परत पाठवल्या.